लिंगोला हिट पॉइंट किती?

बुद्धिबळाचा मालक कोण, हा प्रश्न नागपुरात कधी कुणी विचारला नाही. जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हा आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक आईला आपल्या पोरात एक ग्रँडमास्टर दिसायला लागला होता. रौनक साधवानी, संकल्प गुप्ता, दिव्या, सगळे याच गावचे. पट कुठूनही आणा, सोंगट्या प्लास्टिकच्या असोत की लाकडी, घोडा अडीच घरंच चालणार. २०१६ मध्ये जागतिक अजिंक्यपदाच्या आयोजकांनी सामन्यातल्या चाली लगोलग दाखवणाऱ्या वेबसाइटांना अडवायचा प्रयत्न केला होता. न्यूयॉर्कच्या न्यायालयानं तो मानला नाही. चाल एकदा खेळली की ती घडलेली गोष्ट झाली, तिच्यावर मालकी कसली?

मी रविवारी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा जो खेळ खेळते त्याला मात्र मालक आहे. चांगला मोठा, शेअर बाजारात नोंदलेला मालक.

आमचं टेबल धरमपेठेतल्या एका कॅफेच्या माडीवर भरतं. सुरुवातीला कॅफेवाले काका जिना चढून आले, टेबलावरचे सात तऱ्हेचे फासे पाहिले आणि म्हणाले, "हे काय चालू आहे? जुगार तर नाही ना? मले पोलिसांचं लफडं नको भाऊ." त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा आहे आणि फासे दिसले की पैसा शोधायचा, ही सवय त्याहून जुनी. आमच्यातल्या वकील मैत्रिणीनं त्यांना समजावलं की यात लावायला पैसे नाहीत, जिंकायला काही नाही आणि खरं सांगायचं तर खेळ संपतही नाही. काका एक दुपार बसून पाहत राहिले. व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका पोराला खेळातल्या महाकाय कोळ्यानं खाल्लं, पोरगा खरोखर हळहळला, तरी कुणाच्या खिशातून रुपया निघाला नाही. काकांची खात्री पटली. आम्ही जुगारी नसून वेडे आहोत, अशी.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली पात्रं होतात, आणि नेम लागला की नाही, दार उघडलं की नाही, हे फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे डी अँड डी, छापलं तिथून हे सुरू झालं. त्या पहिल्या आवृत्तीत हॉबिट होते. ते इंग्रज लेखक टॉल्किनच्या कथांमधले बुटके लोक. हक्कदारांच्या वकिलांनी डोळे वटारल्यावर त्यांचे 'हाफलिंग' झाले, आणि आजतागायत आहेत. म्हणजे हा खेळ जन्मापासून उसनवारीवर उभा आहे. यात मला काही गैर वाटत नाही. फक्त उसनं घेणाऱ्यानं नंतर कुंपण घालायला निघू नये, एवढंच.

१९९७ मध्ये हा खेळ 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'नं विकत घेतला आणि १९९९ मध्ये विझर्ड्सलाच हॅस्ब्रोनं घेतलं. पुढच्या वर्षी, २००० मध्ये, एक विलक्षण गोष्ट झाली. रायन डॅन्सी नावाच्या तिथल्या अधिकाऱ्यानं मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांकडून कल्पना घेतली आणि खेळाचा गाभा 'ओपन गेम लायसन्स' म्हणजे ओजीएलखाली मोकळा करून टाकला. कुणीही या नियमांवर आपली साहसं लिहावीत, छापावीत, विकावीत, कंपनीला एक पैसा देऊ नये. त्यामागचा हिशोब सरळ होता. पातळ पातळ साहसकथांच्या पुस्तिका छापणं मोठ्या कंपनीला परवडत नाही, ती कामं लहानांनी करावीत. पण त्या पुस्तिका वापरायला मूळ पुस्तक लागतंच, ते आमच्याकडून घ्यावं. मला हा रोखठोकपणा आवडतो. उदारपणाचा आव नाही, पण सगळ्यांचं पोट भरतं. २००८ मध्ये कंपनीनं नव्या आवृत्तीसाठी कडक परवाना आणला, तेव्हा पायझो नावाच्या प्रकाशकानं जुन्याच मोकळ्या नियमांवर 'पाथफाइंडर' हा खेळ उभा केला आणि मूळ खेळाला विक्रीत घाम फोडला. परवाना खरोखर मोकळा होता याचा याहून चांगला पुरावा कुठला?

मग जानेवारी २०२३. नव्या परवान्याचा, ओजीएल १.१ चा, मसुदा फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर उलाढाल गेली की वरच्या रकमेवर २५ टक्के कंपनीला. नफ्यावर नव्हे, उलाढालीवर. छपाईच्या धंद्यात इतकी कमाई सुटतच नाही, हे इतवारीतला कुठलाही कागदवाला सांगेल. पण खरी मेख दुसरीच होती. जुना परवाना यापुढे 'अधिकृत' राहणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. जुन्या कागदात 'कायमस्वरूपी' असं लिहिलं होतं, 'मागे घेता येणार नाही' असं कुठेच लिहिलं नव्हतं. वीसेक वर्षं ज्यावर लोकांनी घरं चालवली, तो आधार या दोनांमधल्या फटीत अडकला.

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या रात्री पहिला मेसेज आला तो असा: "आपल्याले काय फरक पडते बे? आपण तर पीडीएफवाले." हसून झालं, पण बोलणं खरं होतं. मूळ पुस्तकं इथं येईपर्यंत इतकी महाग होतात की एका टेबलामागे एखादंच खरं पुस्तक असतं, बाकी सगळे चोरीच्या पीडीएफवर. नागपुरात कुणाची साडेसात लाख डॉलरची उलाढाल होणार होती? तरीही अमेरिकेतल्या लोकांनी कंपनीच्या 'डी अँड डी बियॉंड' या ऑनलाइन सेवेची वर्गणी सटासट रद्द करायला घेतली, तेव्हा मी मनापासून खूश झाले. ती सेवा विझर्ड्सनं आदल्याच वर्षी १४ कोटी ६३ लाख डॉलरना घेतली होती. रद्द होणारी वर्गणी मालकाला लगेच दिसते. सह्यांचं निवेदन दिसत नाही.

कंपनीनं आधी सारवासारव केली, मग मऊ केलेला मसुदा पुढे ठेवून लोकांची मतं मागवली. पंधरा हजारांवर लोकांनी उत्तरं दिली आणि त्यातले ८८ टक्के म्हणाले की या परवान्याखाली आम्ही काही छापणार नाही. २७ जानेवारीला कंपनीनं हात टेकले. जुना ओजीएल तसाच राहिला, शिवाय चारशेहून अधिक पानांचा नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयवाल्या परवान्याखाली सोडला गेला. हा परवाना कंपनीचा नाही, एका ना-नफा संस्थेचा आहे. एकदा दिला की दिला. वापरा, बदला, विका, भाषांतर करा; फक्त कुणाचं आहे ते लिहा. एप्रिल २०२५ मध्ये नव्या आवृत्तीचा गाभाही याच वाटेनं बाहेर आला. मधल्या काळात पायझोनं इतर प्रकाशकांना घेऊन 'ओआरसी' नावाचा वेगळाच परवाना तयार करवला होता. तो कुणाच्याच मालकीचा नाही, पण त्यात एक अट आहे: मोकळ्या नियमांवर तुम्ही नवे नियम रचले तर तेही पुढच्यासाठी मोकळे. मला ही अट जास्त शेजारधर्माची वाटते. आमची वकील मैत्रीण म्हणते, शेजारधर्म कागदावर आणला की शेजारी वकील गाठतात.

तिच्याकडूनच मला आणखी एक गोष्ट कळली, आणि तिनं माझा सगळा चष्माच बदलला. खेळाचे नियम, निव्वळ नियम, कॉपीराइटखाली येतच नाहीत. शब्दांची मांडणी येते, चित्रं येतात, पात्रं येतात. वीस बाजूंचा फासा टाकून त्यात पात्राच्या ताकदीचा आकडा मिळवायचा, हे येत नाही. म्हणजे ओजीएलनं लोकांना जे दिलं त्यातलं बरंचसं त्यांचं होतंच. परवान्यानं दिली ती निश्चिंती. कंपनी खटला भरणार नाही, एवढं वचन. छोट्या प्रकाशकाला खटला जिंकण्याचा उपयोग नसतो, कारण जिंकेपर्यंत तो बुडालेला असतो.

आपल्याकडचं उदाहरण आहे. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंनी स्क्रॅबलसारखाच 'स्क्रॅब्युलस' नावाचा शब्दखेळ इंटरनेटवर आणला आणि तो फेसबुकवर तुफान चालला. स्क्रॅबलचा अमेरिकेतला मालक हॅस्ब्रो, म्हणजे तेच आपले, आणि अमेरिका-कॅनडाबाहेरचा मालक मॅटेल. मॅटेलनं दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर २००८ मध्ये न्यायालयानं पटावरच्या कॉपीराइटचा मुद्दा मान्य केला नाही, पण ते नाव वापरायला मनाई केली. खेळ 'लेक्स्युलस' होऊन चालू राहिला. नाव त्यांचं, खेळ मोकळा. येणाऱ्या काळात टेबलावरच्या खेळांचं जग याच रेषेवर दुभंगलेलं असणार, असा माझा अंदाज आहे. मोठ्या कंपन्या नावांच्या, पात्रांच्या, सिनेमांच्या, ॲपच्या मालक होतील. नियम कुणाचेच राहणार नाहीत. आणि कंपन्यांना पटापेक्षा पडद्यात जास्त रस असेल, कारण पडद्यावर दर महिन्याला पैसे घेता येतात. एकदा विकलेलं पुस्तक मात्र वीस वर्षं पुरतं.

हे सगळं मी घरी सांगत होते तेव्हा एक काका म्हणाले, "आपल्याकडं हे सगळं आधीपासूनच मोकळं होतं. चंगअष्ट्याचा कुठं परवाना असतो?" बरोबर आहे. मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर फरशीवर खडूनं पट आखायचा, चिंचोके फोडून फासे करायचे, आणि 'आमच्याकडं असंच खेळतात' या एका वाक्यावर तासभर भांडायचं, हे माझ्या लहानपणी होतंच. पण या अभिमानात मी फार वेळ रमू शकत नाही. मोकळं असणं आणि वाऱ्यावर असणं यात फरक आहे. पचिसी अमेरिकेत गेली आणि १८७४ मध्ये 'पार्चीसी' हा तिथं ट्रेडमार्क झाला. ज्ञानेश्वरांच्या नावाशी आपण परंपरेनं जोडतो तो मोक्षपट इंग्लंडला जाऊन सापशिडी झाला, त्यातले दया, क्रोध, मत्सर गळून गेले आणि परत आला तो फक्त आकडे घेऊन. कुणी चोरला म्हणावं असं नाही. पण कुठून आणला तेही कुणी लिहिलं नाही. आणि चंगअष्ट्याचे आमच्या आजीचे नियम? तिच्याबरोबर गेले. कुणी लिहून ठेवले नाहीत, कारण लिहिण्यात कुणाचं पोट नव्हतं. ओजीएलनंतरच्या वीस वर्षांत हजारो माणसांनी लिहिलं, छापलं, विकलं, त्यातून घरभाडं भरलं. म्हणून तो खेळ जिवंत आहे.

त्यामुळे श्रेयवाला परवाना मला फुकटपणासाठी आवडत नाही. 'कुणाचं आहे ते लिहा' या एका अटीसाठी आवडतो.

आणि सोयीसाठीही, खोटं कशाला बोलू. 'बेसिक फँटसी' नावाचा एक साधा खेळ आहे. २०२३ च्या गोंधळानंतर त्याच्या कर्त्यानं ओजीएल टाकून तो क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आणला. पीडीएफ फुकट, राजरोस. लॉ कॉलेज चौकाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायचा, स्पायरल मारायचा. नवं पोरगं आलं की त्याच्या हातात चोरीचा माल द्यावा लागत नाही. मला याचं जे समाधान वाटतं ते सांगून पटणार नाही, पण आमच्या टेबलाचा तोल त्या दिवसापासून बदलला. ज्याच्याकडे महागाचं पुस्तक तोच नियम सांगणार, हे बंद झालं. डी अँड डीच्या नियमांची फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश भाषांतरं कंपनीनंच काढली आहेत. मराठीत कंपनी काढणार नाही, आणि आता तिची वाट पाहायचीही गरज नाही.

तर अशा उत्साहात आम्ही ठरवलं की आपणही एक साहस लिहायचं. नागपूरचं, मराठीत, छापून.

जागा ठरायला वेळ लागला नाही. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. प्रचंड नैसर्गिक गुहा, दर माघ पौर्णिमेला तिथं गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. गुहेत कोंडलेल्या लेकरांना गोंडांचा देव पारी कुपार लिंगो यानं सोडवलं, अशी श्रद्धा आहे. गुहा, कोंडलेली मुलं, सुटका: आयतं साहसच. आमच्या डीएमनं, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्यानं, अर्धी पानं भरूनसुद्धा टाकली होती. त्या रविवारी टेबलावर गोंदियाकडचा एक गोंड मित्र होता. इथं हॉस्टेलवर राहतो आणि आमच्यातला सगळ्यात सावध खेळाडू आहे. त्यानं शांतपणे विचारलं, "लिंगोले हिट पॉइंट किती देऊन राहिले?"

हिट पॉइंट म्हणजे किती मार खाल्ल्यावर पात्र मरतं त्याचा आकडा.

डीएम जरा गडबडला. मग म्हणाला, "अरे, इंद्रालाही दिले होते ना." हे खरं आहे. १९८० च्या 'डीटीज अँड डेमिगॉड्स' या डी अँड डीच्या पुस्तकात इंद्र, अग्नी, विष्णू सगळे आहेत, प्रत्येकापुढे आकडे.

"मग इंद्रले विचारलं होतं का?"

सगळे हसले, तोही हसला, पण प्रश्न टेबलावरून उठला नाही. त्याच पुस्तकाची आणखी एक कहाणी आहे. पहिल्या छपाईत लव्हक्राफ्ट या भयकथाकाराच्या कथांमधला कथुल्हू हा राक्षस होता, एल्रिक या कादंबऱ्यांतल्या नायकाचं मेल्निबोने हे राज्य होतं. त्यांचे खेळाचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे होते, म्हणून नंतरच्या छपाईत ती प्रकरणं काढून टाकली. इंद्र राहिला. त्याचा मुखत्यार कुणी नव्हता. परवान्यांच्या जगात कागद असलेल्या राक्षसाला जो मान मिळतो तो कागद नसलेल्या देवाला मिळत नाही. ओजीएल असो, ओआरसी असो, क्रिएटिव्ह कॉमन्स असो, कुठलाच परवाना हे विचारत नाही. जे तुमचं आहे ते तुम्ही मोकळं करू शकता, इतकंच तो म्हणतो. कचारगड आमचं होतं का?

वकील मैत्रिणीनं मग तो मुद्दा काढला ज्यानं डीएमचा चेहरा उतरला. हा परवाना मागे घेता येत नाही. आज आपण लिंगोची गोष्ट त्याखाली छापली आणि उद्या कुठल्याशा परदेशी कंपनीनं त्यावर व्हिडिओ गेम काढला, लिंगोला खलनायक केलं, तर आपण फक्त आपलं नाव छापलंय का ते पाहू शकतो. जानेवारी २०२३ मध्ये आम्ही कंपनीला ओरडून सांगत होतो की दिलेलं परत घेता येता कामा नये. आता सही करायची वेळ आमची होती आणि पेन जड झालं होतं.

गोंड मित्राचा आग्रह काहीच नव्हता. तो म्हणाला, "राजे घ्या. राजे मेले, देव जिवंत आहे."

मग आम्ही राजे घेतले. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहनं १७०२ मध्ये नागपूर वसवलं, त्याच्या मुलानं, चांद सुलताननं, भोवती तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. आज आपण त्याला गांधीसागर म्हणतो आणि तिथं वडे खातो. आमचं साहस त्या तलावाच्या बांधकामावर घडतं. रात्री कुणीतरी बांध फोडतंय, कोण ते शोधायचं. गुहेपेक्षा बरं जमलं, हे डीएमसुद्धा कबूल करतो. मुख्य साहस आणि आमचे चार नवे नियम श्रेयवाल्या परवान्याखाली. शेवटची दोन पानं त्या मित्रानं लिहिली आहेत: त्याच्या गावात लहानपणी तो खेळायचा ते खेळ, आणि कचारगडच्या यात्रेला त्याची आजी चालत जायची ती वाट. ती पानं परवान्याबाहेर. वाचा, पण उतरवून घ्यायची असतील तर त्याला विचारा. वकील मैत्रिणीनं तशी ओळ दुसऱ्या पानावर घातली आहे, मराठीत आणि इंग्रजीत.

टेबलाच्या भविष्याची मला खरी काळजी आहे ती परवान्याची नाही. इथं दर जुलैत टेबल फुटतं. शिक्षण संपलं की पुणं, बंगळूर, हैदराबाद. मुलींना संध्याकाळी आठच्या आत घरी पोचायचं असतं, त्यामुळे गोष्ट नेमकी रंगात आली की दोन खुर्च्या रिकाम्या होतात. त्यावर कुठल्याही संस्थेचा परवाना चालत नाही. आमचा डीएमही यंदा पुण्याला चालला आहे. त्याला पुस्तिकेच्या काही प्रती बरोबर न्यायच्या आहेत, म्हणून छपाईची घाई. फक्त किंमत ठरत नाही. झेरॉक्सवाला प्रतीमागे चाळीस मागतो, मी साठ म्हणते, डीएम शंभर म्हणतो. गोंड मित्राचं म्हणणं, शंभरच ठेवा, पण गोंदियाकडच्या पोरांना वीसला द्या. आणि वरचे वीस कुणाच्या खिशातून, यावर गेले दोन रविवार खेळ झालेला नाही.